गॅप राहू द्यावा

सेलूत मध्यमवयीन माणसाची प्रतिष्ठा पूर्वी जमिनीवरून ठरत असे, पुढे मुलाच्या नोकरीवरून ठरू लागली. हल्ली तिला मणक्यातल्या गॅपची जोड मिळाली आहे आणि ही जोड स्वागतार्ह आहे. जमीन वाटण्यांत कमी होत जाते, नोकरी लागेलच असे नाही. पण कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये एकदा गॅप निघाला की तो कुणी काढून घेऊ शकत नाही. त्याला सातबारा लागत नाही, फेरफार लागत नाही. मोठ्या पाकिटातली काळी फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरायची आणि आल्यागेल्याला दाखवायची, एवढाच त्याचा विधी. पाहणाऱ्याला त्यातले काही कळत नाही, दाखवणाऱ्यालाही कळत नाही, तरी दोघेही गंभीर होतात. आपल्या गावात दोन माणसे एका गोष्टीवर एकमताने गंभीर झाल्याचे प्रसंग इतके विरळ आहेत की तेवढ्यासाठीसुद्धा ही प्रथा जपली पाहिजे.

हे सांगायची वेळ आली, कारण वारंवार उलटणाऱ्या कंबरदुखीकडे शरीर आणि मन एकत्र धरून पाहावे, असा एक विचार शिकलेल्या लोकांत डोके वर काढतो आहे. कुणी मोबाइलवर काहीतरी पाहतो, पुण्याहून आलेला जावई जेवताना दोन शब्द टाकून जातो, आणि गावाची बसलेली घडी विस्कटायला लागते. वेळीच समाचार घेतला नाही, तर उद्या माणसे औषधाच्या दुकानासमोर उभी राहण्याऐवजी आपल्या आयुष्याकडे पाहू लागतील. तालुक्याच्या गावात ते कुणाच्याच सोयीचे नाही.

आधी चालू पद्धत किती विचारपूर्वक बसलेली आहे ते पाहू. दुखणे येते किरकोळ निमित्ताने: बादली उचलताना, मोटारसायकलला किक मारताना, कधी नुसते शिंकताना. पहिले काही दिवस निरगुडीचा पाला, विटेचा शेक, बाम. मग गावातल्या दवाखान्यात सुई. सुईने उतरते, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा येते. मग परभणी. तिथे फोटो निघतो आणि एमआरआय करून घ्या असे सांगण्यात येते. पुढचा प्रवास रेल्वेने, परतूर, जालना करत छत्रपती संभाजीनगरला. ज्या मार्गाने सेलूचा कापूस गेला त्याच मार्गाने आता सेलूच्या कमरा जातात. जाण्याचा हंगामही ठरलेला आहे. कमरेला व्यवहाराची उत्तम जाण असते. पेरणीत ती कळ काढते, वेचणी संपेपर्यंत दम धरते, आणि मार्केटात कापसाचे माप होऊन हातात रक्कम पडली की तिला उभे राहवत नाही.

ह्या सगळ्याचे शिखर म्हणजे फिल्म. तिच्यावर शंका घेणारे लोक परदेशात निदान १९९४ पासून आहेत. त्या वर्षी अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी कंबरदुखी नसलेल्या ९८ धडधाकट माणसांचे एमआरआय काढले, तर शंभरात ५२ जणांची किमान एका ठिकाणची, दोन मणक्यांमधली गादी फुगलेली निघाली. २०१५ मध्ये अशाच ३,११० जणांच्या तपासण्या एकत्र मांडून पाहिल्या गेल्या. ह्यांपैकी कुणाचीही कंबर दुखत नव्हती. तरी विशीतल्या शंभरांपैकी ३७ जणांच्या गाद्यांची झीज दिसली, पन्नाशीतल्या ८० जणांच्या आणि ऐंशीतल्या ९६ जणांच्या. संशोधकांनी ह्यावरून काढलेला निष्कर्ष अगदीच रुक्ष आहे: झीज वयाबरोबर येते, तिचा दुखण्याशी संबंध असेलच असे नाही. आम्ही ह्याच आकड्यांतून अधिक विधायक अर्थ घेतो. पन्नाशीला शंभरातले ऐंशी लाभार्थी, तेही अर्ज न करता, आधार जोडणी न करता. असे यश आजवर कोणत्याही योजनेला मिळालेले नाही. शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येण्याचा धोका वयागणिक कमी होत जातो. व्यवस्था ह्याहून विश्वासार्ह काय असू शकते?

अर्थात काही जणांची गोष्ट खरोखरच निराळी असते. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतली बाजू बधिर होणे, पायातले बळ जाणे, ताप येणे, वजन उतरणे, उंचावरून पडल्यानंतर दुखणे सुरू होणे, अंगात आधीचा कर्करोग किंवा क्षय असणे. ह्यांनी एक दिवसही न दवडता मोठा दवाखाना गाठला पाहिजे. तिथे त्यांना जरा थांबावे लागते, कारण रांगेत पुढे आपण असतो.

फिल्मनंतर विश्रांती. हिच्याविरुद्धही पुष्कळ लिहिले गेले आहे. अमेरिकेत १९८६ मध्ये काही रुग्णांना दोन दिवस पडून राहायला सांगितले आणि काहींना सात दिवस. दोन दिवसवाले तितकेच बरे झाले, शिवाय त्यांचे कामाचे खाडे कमी पडले. हेलसिंकीत १९९५ मध्ये शहराच्या नोकरांवर असाच प्रयोग झाला आणि झेपेल तसे रोजचे हिंडणेफिरणे चालू ठेवणारे सर्वांत लवकर सावरले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने तर १९९७ मध्ये दूरचित्रवाणीवर जाहिराती करून नागरिकांना सांगितले की कंबर दुखली म्हणून पडून राहू नका. लोकांच्या समजुती बदलल्या, भरपाईचे दावे कमी झाले. एखाद्या सरकारला नागरिकांच्या विश्रांतीची इतकी असूया वाटावी, हे वाचून वाईट वाटते.

आपल्याकडे भरदिवसा घरात पलंगावर पडून राहण्याला कर्त्या पुरुषाजवळ दुसरी सभ्य सबब नाही. थकलो म्हणता येत नाही. घाबरलो म्हणता येत नाही. कंबर धरली असे म्हटले की मात्र घर जागच्या जागी शिस्तीला लागते. मुलगा पाणी आणून देतो, सून टीव्हीचा आवाज कमी करते, देणेकरी उंबऱ्यातून तब्येत विचारून परत फिरतो. बांधाच्या वादापायी बोलणे टाकलेला भाऊसुद्धा केळी घेऊन येतो आणि पायथ्याशी बसतो. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ पासून जे साधू पाहत होती, ते फळीवर अंथरलेली एक सतरंजी साधून जाते.

कमरेच्या पट्ट्याबद्दल वेगळे बोलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत रुग्णाला नीट समजावून सांगणे, व्यायाम, मानसिक उपचार ह्यांची शिफारस आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावणे ह्या दोन्ही गोष्टी मात्र नकोत म्हटले आहे. सूचना सद्‌हेतूने केल्या असतील, पण जिनिव्हात बसून सेलूचे लग्नकार्य कसे दिसणार? शर्टावरून पट्टा आवळलेल्या माणसाला कुणी सतरंज्या उचलायला सांगत नाही. एसटीत त्याला जागा मिळते, पंगतीत खुर्ची मिळते, अंत्ययात्रेत खांदा माफ असतो. पट्ट्याने कंबर बरी होत नाही हे खरे मानले, तरी कंबर बरी करणे हे पट्ट्याचे काम आहे असे कुणी म्हटले होते?

आणि सुई. तीत बहुधा असते ते डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडे मरू लागली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ह्या औषधावर बंदी आली. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचू लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये माणसांचे इंजेक्शनही एका वेळेपुरत्या लहान कुपीतच विकायचे ठरले. सरकारने गिधाडांची काळजी घेतली. महिन्यामागून महिने सुई घेणाऱ्याने आपल्या मूत्रपिंडांची काळजी स्वतः घ्यावी, एवढा विश्वास सरकारने नागरिकांवर टाकला आहे.

जुन्या लोकांची पद्धत, मान्य केले पाहिजे, फार मागासलेली होती. उसण भरली की गावातला पायाळू माणूस शोधायचा, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. त्याने कमरेवर लाथ मारायची, आणि ती खाऊन रुग्णाने घरी जायचे. त्यात ना फिल्म, ना पावती. लाथेत औषध नव्हते हे उघड आहे. पण उपचार झाला अशी खात्री पटलेला माणूस न घाबरता उठायचा, चालायला लागायचा आणि दुसऱ्या दिवशी औत धरायचा. हा निव्वळ मनाचा खेळ होता. आज आपण तोच खेळ उलट्या बाजूने, पुष्कळ अधिक खर्चाने आणि नऊवारी शब्दांच्या अहवालावर खेळतो: चालताफिरता माणूस फिल्म पाहतो आणि त्या दिवसापासून वाकायला घाबरतो. प्रगती म्हणतात ती हीच.

आता प्रतिपक्षाकडे वळू. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दुखणे मेंदू निर्माण करतो, धोक्याची सूचना म्हणून. लचक भरून आल्यावरही ही सूचना चालू राहू शकते. भीती, काळजी, मोडलेली झोप तिला खतपाणी घालतात. माणूस जपून हलतो, स्नायू आवळून धरतो, त्यामुळे आणखी दुखते, आणि आणखी दुखते म्हणून आणखी भीती वाटते. दुखणे खोटे नसते, फक्त त्याचा उगम मणक्यात असेलच असे नाही. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन सार्नो (१९२३–२०१७) ह्यांनी आयुष्यभर हेच सांगितले की कमरेत बसते ते बहुतेकदा गिळलेला राग आणि दाबलेली चिंता. त्यांची उपपत्ती वैद्यकाने जशीच्या तशी स्वीकारली नाही, आणि आम्हाला त्यात क्षणभर हायसे वाटले होते. पण २०२१ मध्ये बोल्डर इथल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. दीर्घकाळ कंबरदुखी असलेले १५१ जण त्यात होते. एका गटाशी चार आठवडे नुसते बोलणे झाले: हे दुखणे धोक्याचे नाही हे पटवून देणे, भीती न बाळगता हालचाल करणे, मनातल्या ताणाकडे पाहणे. त्या गटातले ६६ टक्के लोक दुखण्यातून पूर्ण किंवा जवळपास मोकळे झाले. ज्यांना हे मिठाचे पाणी आहे असे सांगूनच सुई टोचली त्यांच्यातले २० टक्के, आणि नेहमीचे उपचार चालू ठेवले त्यांच्यातले १० टक्के. नेहमीच्या उपचारांची ही पीछेहाट आपण मनावर घेऊ नये. निष्ठा निकालावर अवलंबून नसते. नाहीतर आपण निवडणुका तरी कशा लढवल्या असत्या?

आपल्या रेल्वेमार्गावरचेच उदाहरण हवे असेल तर मुंबईच्या गाडीने मनमाड, नाशिक ओलांडून इगतपुरीला उतरावे. तिथल्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालतात. ती सुरू करणारे सत्यनारायण गोयंका हे मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी. त्यांची अर्धशिशी इतकी की मॉर्फिनच्या सुया घ्याव्या लागत. परदेशांतले डॉक्टर करून झाले, गुण आला नाही. शेवटी रंगूनला विपश्यनेचे गुरू ऊ बा खिन ह्यांच्याकडे गेले, तर त्यांनी सांगितले, डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. हे आमच्या दृष्टीने फारच गैरसोयीचे गुरू. रुग्णाला दुखण्यासह परत पाठवणारा आणि त्याची एकही तपासणी न लिहून देणारा माणूस सेलूत दुकान चालवू शकला नसता.

मनासाठी आपल्याकडे व्यवस्था नाही असे कुणी म्हणू नये. केशवराज बाबासाहेब महाराजांचे मंदिर आहे, साईबाबांचे गुरू ते सेलूचेच, ही परंपरा गाव अभिमानाने सांगते. हरिपाठ होतो, सप्ताह होतो, मन आवरा म्हणून सांगणारे कीर्तनकार दरवर्षी नवे येतात. मन देवळात द्यायचे आणि कंबर दवाखान्यात, अशी आपली स्वच्छ विभागणी आहे. कीर्तनकार बुवांची कंबर धरली तर तेही फिल्मच काढतात.

खरी अडचण शरीर-मन एकत्र धरणाऱ्यांच्या पद्धतीतल्या एका प्रश्नाची आहे. दुखणे पहिल्यांदा आले त्या महिन्यात घरात काय चालले होते, असे हे लोक विचारतात. सेलूत हा प्रश्न विचारण्याजोगा आहे का, याचा सुजाण वाचकांनीच विचार करावा. एकाला आठवेल की बँकेची नोटीस त्याच आठवड्यात आली होती. दुसऱ्याला, की थोरल्याने वाटणीचा विषय काढला तो त्याच पोळ्याला. कुणाचा मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला राहून आता तिशी गाठतो आहे, आणि निकाल लागला की बापाच्या डाव्या पायात मुंग्या येतात. कुणाच्या मुलीचे स्थळ हुंड्यावरून फिसकटले, कुणी जावयाला हातउसने दिले ते बायकोला ठाऊक नाही. ही यादी कागदावर आली तर तिच्यावर उपाय शोधावे लागतील, आणि त्यांतले बरेच उपाय डॉक्टरांच्या हातात नसून बँकेच्या, बाजार समितीच्या, भावाच्या आणि स्वतःच्या हातात निघतील. त्यापेक्षा चौथा-पाचवा मणका बरा. त्याला कुणाचे देणे नाही, त्याची कुणाशी भाऊबंदकी नाही, आणि आरोप केला तर तो उलटून बोलत नाही.

मनाचा विचार आपण अगदीच करत नाही असेही नाही. फिल्म स्वच्छ निघाली की करतो. ही आपत्ती बहुधा सुनांवर कोसळते. खर्च करून, नवऱ्याचा खाडा करून, संभाजीनगरपर्यंत जाऊन अहवालात काहीच नाही. 'टेन्शन घेऊ नका' एवढी चिठ्ठी तिला तोंडी मिळते. पुढच्या रुग्णाला हाक मारता मारता देता येईल असा तेवढाच उपचार वैद्यकात आहे. घरी आल्यावर सासूबाई शेजारी सांगतात, "काहीच निघालं नाही म्हणं." त्या दिवसापासून तिची कंबर दुखायची थांबत नाही, फक्त तसे म्हणायची सोय जाते. शरीर-मन एकत्र धरणाऱ्यांचे म्हणणे नेमके हेच आहे की अहवाल कोरा असला तरी दुखणे खरे असते आणि ते बरेही होऊ शकते. पण हे मान्य केले तर तिला टेन्शन कशाचे आहे, हे कुणालातरी बसून ऐकावे लागेल.

आणि ज्यांची फिल्म कधी निघतच नाही त्यांच्याबद्दल काय म्हणावे? दिवाळीच्या आगेमागे जिंतूर रोडने किंवा पाथरीकडे जाताना दोन्ही अंगांना पाहावे. कमरेला ओटी बांधून बायका सकाळपासून वाकून कापूस वेचत असतात, आणि जसा दिवस चढतो तशी ओटी जड होत जाते. मजुरी किलोवर, म्हणून ताठ उभे राहण्याचे पैसे मिळत नाहीत. संध्याकाळी त्यांच्यातली एखादी म्हणते, कंबर मोडली माझी, त्यावर उत्तर येते, "सगळ्यांचीच मोडती." मग किराणा दुकानातली एक सुटी गोळी, आणि सकाळी पुन्हा शेत. ह्यांच्यात गॅपचे एकही प्रकरण नोंदलेले नाही. ह्यावरून आम्ही असा शास्त्रीय निष्कर्ष काढतो की गॅप हा वाकल्याने होत नसून कापूस विकल्याने होतो, आणि वेचणाऱ्याला न होता मालकाला होतो.

समाजाला खरा धोका आहे तो मात्र बऱ्या होणाऱ्यांचा. गावात असा एखाददुसरा निघू लागला आहे. फिल्म होती, गॅप होता, पट्टा होता. मग कुण्या बऱ्या डॉक्टरने त्याला सांगितले म्हणे, की मणका मजबूत आहे, घाबरू नका, हळूहळू सगळे करा. गृहस्थ पहाटे स्टेशनपर्यंत चालू लागले. थोरल्या भावाकडे जाऊन जे बोलायचे ते बोलून आले. रात्री झोप लागू लागली. आता पोते उचलतात, दुखले तर दुखू देतात, आणि ते येऊन जाते. गावाने त्यांना रीतसर विचारले, की मग तो गॅप गेला कुठे? तर म्हणतात, असेल तिथेच, मी पुन्हा काढून पाहिला नाही. अशा बेफिकीर माणसावर पुढे कोण विश्वास ठेवणार? नातेवाइकांत चर्चा आहे की मुळात काही नव्हतेच, सोंग होते. गावाचे हितचिंतक म्हणून आमची त्यांना एकच विनंती आहे. लग्नसराई तोंडावर आली आहे. दुखो न दुखो, निदान वरातीच्या दिवशी त्यांनी पट्टा बांधून यावे; मांडवात खुर्ची आम्ही धरून ठेवू.